नंबर लागेल का?

बी.एस्सी. झालेल्या मुलीचा एमबीबीएसला नंबर लागेल का, असं धानोऱ्यात कुणी विचारलं तर उत्तरं बहुधा दोनच मिळतात. ‘आता काय उपयोग, वय गेलं’ हे एक. ‘मेहनत कर, सगळं होते’ हे दुसरं. दोन्ही उत्तरं फुकट मिळतात आणि दोन्ही चुकीची आहेत. वय गेलेलं नसतं, कारण नीटची वयाची वरची मर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली आणि ही परीक्षा कितीही वेळा देता येते. मेहनतीचं म्हणाल, तर ती कशावर करायची आणि कुठवर, हे न सांगता दिलेला सल्ला म्हणजे आशीर्वादच. त्या मुलीला आशीर्वाद नको असतो. तिला हिशेब हवा असतो.

गडचिरोलीहून मुरूमगावकडे, पुढे छत्तीसगडात राजनांदगावला जाणारा जो रस्ता आहे, त्यावर पस्तीसेक किलोमीटरवर धानोरा लागतं. तालुक्याचं गाव, तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालय, बाजार. वाटेत चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं शोधग्राम आहे. धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) आहे, जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. म्हणजे ज्या तालुक्याकडे आरोग्यशास्त्र आणि ग्रामसभा या दोन्ही विषयांतले लोक देशभरातून शिकायला येतात, तो हा तालुका. इथली मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते, तेव्हा मात्र तिला शिकायला लातूर, नांदेड, पुणे, नागपूर असं कुठेतरी जावं लागतं.

एक मुलगी धरून चालू. घर मुरूमगावच्या पट्ट्यात, घरात गोंडी, शाळा मराठीत, अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत पंचावन्न टक्के. नीटचा फॉर्म कधी भरायचा हे कळलं तेव्हा तारीख निघून गेलेली. मग धानोऱ्यात किंवा गडचिरोलीत बी.एस्सी. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. गोंडवाना विद्यापीठाची पदवी, पहिला वर्ग. ही मुलगी मी बनवलेली आहे, पण तिला ओळखत नाही असा प्राध्यापक गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत सापडायचा नाही.

तिची पदवी नीटच्या माहितीपुस्तिकेत सापडते. पात्रता परीक्षेचे जे सांकेतिक क्रमांक दिलेले असतात, त्यात बी.एस्सी. झालेल्यांसाठी वेगळा क्रमांक आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांतले किमान दोन विषय पदवीला हवेत आणि त्याआधीची बारावी त्याच विषयांची हवी. पदवीची दखल तेवढीच. पहिला वर्ग असो की काठावरची पास श्रेणी, गुणवत्ता यादीत त्याचं वजन शून्य. बारावीचंही तसंच. पीसीबीला खुल्या वर्गात ५० टक्के, राखीव वर्गात ४० टक्के मिळाले की दार उघडतं. बारावीला पंचाण्णव टक्के मिळवणारा आणि आपली पंचावन्न टक्केवाली आत एकाच रांगेत उभे राहतात. मला यात न्याय दिसतो, हे सांगून टाकतो. भामरागडच्या किंवा धानोऱ्याच्या ज्युनियर कॉलेजचे बारावीचे गुण आणि लातूरचे बारावीचे गुण एका फूटपट्टीने मोजण्यापेक्षा हे बरं. अडचण पुढे आहे. आत गेल्यावर एकच आकडा, एका दुपारी तीन तासांत ठरलेला.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. तिथे वैद्यकीय शाळेत जाण्याआधी पदवी घ्यावीच लागते, त्यामुळे पदवीधर असणं म्हणजे उशीर होणं नव्हे. तिथे पदवीचे गुण बघतात, ४७२ ते ५२८ या मापातला एमकॅटचा गुणांक बघतात, दवाखान्यात किती काळ काम केलं ते विचारतात, निबंध लिहून घेतात, शिफारसपत्रं मागतात, मुलाखत घेतात. न्यू जर्सीतल्या घरातली आई मुलाला बारावीच्या आधीच रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून पाठवू लागते. आपल्या धानोऱ्याच्या मुलीने ग्रामीण रुग्णालयात आजीच्या सिकलसेलसाठी किती खेपा घातल्या, हे तिथे कदाचित कुणी वाचलं असतं. पण त्या पद्धतीत शिफारसपत्र देऊ शकणारा ओळखीचा माणूस लागतो, निबंध तपासून देणारा लागतो, आणि हे दोन्ही पैशाने मिळतात. महाराष्ट्रात मुलाखतीचे गुण आले तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून मी एकाच आकड्याच्या विरोधात नाही. तो आकडा कसा वाचायचा हे या मुलीला कुणी शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे.

तर वाचू. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बायोलॉजीचे ९० प्रश्न म्हणजे ३६० गुण, केमिस्ट्री १८०, फिजिक्स १८०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. डोळे मिटून सगळ्या १८० गोळ्या काळ्या केल्या तरी सरासरीने ४५ गुण पडतात. २०२५ मध्ये अनुसूचित जमातीसाठी पात्रतेची रेषा होती ११३. या दोन आकड्यांमधलं अंतर बघितलं की ‘नीट क्वालिफाय’ या शब्दांची किंमत कळते. त्या वर्षी बावीस लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजार मुलं क्वालिफाय झाली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे क्वालिफाय झालेल्या दहातल्या एकालाच जागा, तीही खासगी महाविद्यालयांच्या महागड्या जागा धरून. गडचिरोलीच्या, चंद्रपूरच्या चौकांत ‘आमचे सर्व विद्यार्थी क्वालिफाय’ असे फलक लागतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फक्त पालकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नसतात.

दुसरी गफलत गुणांची. गेल्या वर्षी अमक्याचा इतक्या गुणांवर नंबर लागला, म्हणजे यंदाही इतके हवेत, असं सगळे धरतात. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही पैकीच्या पैकी गुण मिळवणारे सतरा जण होते. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. एकाच तयारीच्या मुलाचे या दोन वर्षांतले गुण एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. बघायची ती रँक. राज्याचा सीईटी कक्ष दर फेरीनंतर निवड यादी काढतो, त्यात प्रत्येक नावापुढे अखिल भारतीय रँक, प्रवर्ग आणि महाविद्यालय असतं. शेवटच्या फेरीत अनुसूचित जमातीच्या जागेवर शासकीय महाविद्यालय मिळालेल्या शेवटच्या मुलाची रँक किती होती, हे गेल्या दोन-तीन वर्षांचं काढून ठेवलं की उत्तराचा निम्मा भाग हातात येतो. याला पैसे लागत नाहीत. मोबाइल आणि एक दुपार लागते.

उरलेला निम्मा भाग मुलीच्या विषयांत आहे. तीन वर्षं बॉटनी-झूलॉजी शिकलेल्या मुलीला वाटतं, बायोलॉजी आपलीच. तसं नसतं. पदवीचं झूलॉजी एखाद्या संघाची शरीररचना पानभर लिहायला सांगतं. नीट एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका ओळीवर, कधी चित्राखालच्या मजकुरावर बोट ठेवते. पदवीमुळे समज आलेली असते, ती खरी कमाई. पण अकरावी-बारावीची ती दोन पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागतात, आणि पदवीधराला तेच जड जातं. केमिस्ट्रीत तिचं बस्तान बरं असतं. फिजिक्सला मात्र तिने बारावीनंतर हात लावलेला नसतो. तीन वर्षांत वेक्टर, टॉर्क, कपॅसिटर सगळं विरून गेलेलं. पुष्कळ मुलं इथे एक डाव टाकतात: फिजिक्स सोडून द्यायचं, बायोलॉजीवर भर. कागदावर ५४० गुण तरीही शिल्लक राहतात, म्हणून हा डाव शहाणा वाटतो. पण त्यासाठी उरलेल्या दोन विषयांत जवळजवळ चूक होऊ द्यायची नाही, आणि ते पहिल्या प्रयत्नात कुणाला जमत नाही. फिजिक्सचे सोपे पंधरा-वीस प्रश्न मिळवणं हेच बहुतेकांच्या आवाक्यातलं असतं आणि जागा तिथेच ठरते. पेपर मराठीतूनही देता येतो. मात्र बारावी आणि पदवी इंग्रजीतून केलेल्या मुलीने ऐनवेळी मराठी निवडली तर ‘संवेग’ आणि ‘अभिवाह’ बघून तिचा गोंधळ उडतो.

आता जागा. गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२४ मध्ये. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यातल्या एकदम दहा महाविद्यालयांचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, त्यात हे एक, १०० जागांचं. चंद्रपूरचं २०१५ पासून आहे. जिल्ह्यात कॉलेज आलं म्हणजे जिल्ह्यातल्या मुलांची सोय झाली, असा समज त्या दिवसापासून पसरला आहे. १०० जागांतल्या १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. उरल्या ८५, त्यांवर राज्याचं आरक्षण. अनुसूचित जमातीला सात टक्के. ८५चे सात टक्के म्हणजे सहा.

त्या सहा जागा धानोऱ्याच्या नाहीत, गडचिरोलीच्या नाहीत, विदर्भाच्याही नाहीत. नाशिक, नंदुरबार, पालघर, पुणे, मेळघाट, किनवट, सगळीकडची मुलं त्या जागांसाठी एकाच यादीत असतात. २०२० पर्यंत थोडा आडोसा होता. सत्तर-तीसचं सूत्र म्हणायचे त्याला: राज्याच्या कोट्यातल्या सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातून दहावी-बारावी झालेल्यांना, तीस टक्के साऱ्या राज्याला खुल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं. ओरड मराठवाड्याची होती, आणि ती खोटी नव्हती. त्यांच्याकडे कॉलेजं कमी, मुलांची तयारी मोठी. एकाच राज्यात कमी गुणांचा मुलगा आत जातो आणि जास्त गुणांचा बाहेर राहतो, हे त्यांना का पटावं? एक राज्य, एक गुणवत्ता, असं म्हटलं गेलं. लातूर-नांदेडच्या बाजूने तो निर्णय बरोबरच दिसतो. धानोऱ्याच्या बाजूने बघितलं तर नव्या कॉलेजचं दार चार वर्षं आधीच मुंबई-पुण्याकडे वळवून ठेवलेलं होतं. विभागाचं सूत्र जुनाट होतं, मान्य. त्याच्या जागी तालुक्याचं, शाळेचं असं काही बारीक माप आणता आलं असतं. कुणी आणलं नाही.

तमिळनाडूने आणलं. नीट आल्यावर तिथल्या सरकारी शाळांतली मुलं वैद्यकीय महाविद्यालयांतून जवळजवळ दिसेनाशी झाली, तेव्हा २०२० मध्ये त्यांनी कायदा करून साडेसात टक्के जागा सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी ठेवल्या. प्रवेश नीटच्याच गुणांवर, पण स्पर्धा आपल्यासारख्याच मुलांशी. मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. जपानने याहून धीटपणा केला. १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. तिथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात, फी विद्यापीठ भरतं, आणि पदवीनंतर नऊ वर्षं आपल्या प्रांतात सरकार सांगेल तिथे काम करायचं. आपल्याकडेही शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाचा बाँड आहे, न केल्यास दहा लाखांचा दंड. आपण बाहेर पडताना अट घालतो, जपान आत घेताना माणूस निवडतं.

फार लांब जायला नको. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नीटच्या आधी तिथली प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती आणि त्यात गांधींचं जीवन आणि विचार यांवर एक पेपर असायचा. मुलं त्याचंही क्लासेसमधून पाठांतर करत, गाईड छापली जात. तरीही खेड्यातल्या दवाखान्यात टिकणारा मुलगा कोण, हे प्रवेशाच्या वेळी विचारावं असं कुणाला तरी वाटत होतं. नवी मुलं अजूनही आश्रमात पंधरा दिवसांचं शिबिर करतात. पेपर मात्र गेला.

आणि एक कागद आहे, ज्याच्यापुढे गुण, रँक, फिजिक्स सगळं फिकं पडतं. व्हॅलिडिटी. अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. या यंत्रणेला आजचं रूप आलं तेच मुळी महाराष्ट्रातल्या वैद्यकीय जागांच्या भांडणातून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९९४ चा ‘माधुरी पाटील’ निकाल, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती आखून दिली, तो दोन बहिणींच्या प्रवेशाचा होता: एक एमबीबीएसला, एक दंतवैद्यकाला, दोघी महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर. दावा टिकला नाही. दुसरा खटला आपल्या विदर्भातला, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद’. नागपूरच्या एका विद्यार्थ्याने १९८५-८६ मध्ये हलबा म्हणून एमबीबीएसची जागा मिळवली. समितीने तो कोष्टी असल्याचं ठरवलं. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की राष्ट्रपतींच्या यादीत जे नाव आहे तेच वाचायचं, हलबा-कोष्टी त्यात बसत नाही. पदवी मात्र त्याच्याकडेच राहू दिली, कारण तोवर शिक्षण पूर्ण झालं होतं आणि एका डॉक्टरवर जनतेचा खूप पैसा खर्च झालेला असतो. २०१७ मध्ये न्यायालयाने ही सवलतही आवळली: खोट्या दाव्यावर मिळालेली पदवी किंवा नोकरी टिकणार नाही.

त्या एका जागेवर धानोरा-कोरचीकडचा एखादा खरा हलबा किंवा गोंड बसला असता का? नसताही कदाचित. १९८५ मध्ये इथून बारावी सायन्स झालेली मुलं होतीच किती! पण खोट्यांना अडवण्यासाठी जी चाळणी केली, तिच्यात आज खरेच अडकतात. समिती ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागते. आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, कोतवाल बुकाची नक्कल. ज्या गावात शाळाच नंतर आली, तिथे आजोबांचा दाखला कुठून यायचा? एकाच आडनावापुढे एका कागदावर ‘गोंड’, दुसऱ्यावर ‘राजगोंड’, तिसऱ्यावर नुसतंच ‘हिंदू’. त्यावर आप्तभाव चाचणी असते: तुमचे देव किती, लग्नात काय करता, मयताला काय करता. कॉलेजात शिकलेली पोर अडखळली की संशय. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं स्पष्ट केलं, ते बरं झालं. बापाकडे किंवा सख्ख्या काकाकडे व्हॅलिडिटी असेल तर काम सोपं. आपली मुलगी घरातली पहिली, म्हणून पहिल्यापासून सुरुवात.

माडियांसाठी तर आणखी एक पेच. महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल जमातींत, कातकरी, कोलाम यांच्याबरोबर, माडिया गोंड येतात. वैद्यकीय प्रवेशात त्यांना वेगळी वाटणी नाही. सात टक्क्यांत सारे एकत्र. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली, त्याची चर्चा जमातींपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर जी मुलं गेली ती कुणाच्या तरी खांद्यावरून गेली. हेमलकशाच्या लोकबिरादरीच्या शाळेने माडियांतला पहिला डॉक्टर घडवला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ सुरू केलं आणि मेळघाट-भामरागडच्या मुलांना पुण्यात ठेवून शिकवलं; त्यांतले अनेक आज शासकीय महाविद्यालयांत आहेत. तिथे मुलांना काय वेगळं मिळालं? राहायला जागा, जेवण, आणि चुकलेलं गणित पाचव्यांदा विचारता येईल असा दादा. आदिवासी विभागाचं वसतिगृह कॉलेजच्या प्रवेशावर मिळतं. पदवी संपवून रिपीटर झालेली मुलगी कागदोपत्री कुठलीच विद्यार्थिनी नसते. तिने राहायचं कुठे?

चातगावचा उल्लेख वर केला, तो उगाच नव्हे. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासली, वजन केलं, श्वास मोजला, जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिनचं इंजेक्शनही दिलं. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. या आरोग्यदूतांची निवड कुठल्या रँकवर झाली नव्हती. शिकवलं, हातात दिलं, करून दाखवायला लावलं, आणि जमलं की नाही ते पुन्हा पुन्हा तपासलं. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी याच कामावर उभ्या राहिल्या. आरोग्यदूत आणि डॉक्टर एक नव्हेत, हे कबूल. सिझेरियन करायला डॉक्टरच लागतो, आणि गडचिरोलीत तोच मिळत नाही. तरीही, या तालुक्यात राहून ‘तुझी लायकी एका आकड्याने कळते’ असं कुणी म्हटलं, तर मी त्याला तो निबंध वाचायला देईन.

मग माझ्या हिशेबात आपल्या मुलीचं काय? व्हॅलिडिटी असेल, किंवा घरात कुणाची असेल, तर ती शर्यतीत आहे. बायोलॉजी सावरता येईल, केमिस्ट्री जमेल, फिजिक्सवर एक पूर्ण वर्ष द्यावं लागेल. दोन प्रयत्न द्यावेत, तिसरा देऊ नये. हे मी नियम म्हणून सांगत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत घरचं बळ आटतं आणि लग्नाचा विषय निघतो, हे पाहत आलोय म्हणून सांगतो. दोन्ही प्रयत्नांत त्याच रँकवर बीएएमएस, बीएचएमएसच्या याद्याही बघाव्यात. नर्सिंगची पदवी कमी लेखू नये. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमतात ते बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना, आणि मुरूमगावच्या पलीकडच्या बाईला पहिली तपासणी मिळते ती त्याच खोलीत. डॉक्टर व्हायचंच असेल तर हे सगळं दुसऱ्या क्रमांकावर ठेवावं, पण यादीत ठेवावं.

हा अंक हातात पडेल तेव्हा मे महिन्यातल्या परीक्षेला सहा महिने उरलेले असतील. धान कापणीला आलेलं, वडशाकडे नाटकांचे तंबू उभे राहू लागलेले. सुटीतला एक दिवस काढून गेल्या वर्षीचा पेपर घ्यावा, घड्याळ लावून दुपारी दोन ते पाच बसावं, उत्तरतालिका समोर ठेवून स्वतःच गुण मोजावेत आणि तीन विषयांचे गुण वेगवेगळे लिहावेत. फिजिक्समध्ये तीस पडले तर घाबरू नये, पण ते घरी खरं सांगावं. आणि त्या आधीच्या सोमवारी तहसीलीत जाऊन कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. फिजिक्सपेक्षा त्या नकलेलाच जास्त वेळ लागतो.